लंडनच्या वाटेवरची कराची

२०२५ च्या पावसाळ्यात ऑफिसच्या कामासाठी लंडनला जाणं झालं. विमानात सीटसमोरच्या स्क्रीनवर शेकडो सिनेमे असतात, पण मी मात्र तो नकाशा लावून बसणाऱ्यांपैकी आहे. इवलंसं विमान, त्याच्यामागे रेघ आणि खाली वेग, उंची, उरलेलं अंतर. शेजारच्या काकूंनी दोनदा माझ्या स्क्रीनकडे आणि मग माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं. असो.

तर झालं असं, की विमान मुंबईहून उडालं आणि निघालं थेट पश्चिमेला, मस्कतच्या रोखाने. आता लंडन काही मुंबईच्या नुसतं पश्चिमेला नाही, ते चांगलंच वायव्येला आहे. मग हे असं आडवं का निघालं? कारण अर्थातच माहीत होतं, पेपरात रोज येत होतं. पण या वळशाने नेमकी किती वाट वाढते आणि मुळात सरळ वाट असते तरी कुठली, हे आपण कधी पाहिलेलंच नाही, असं लक्षात आलं.

परत आल्यावर एका शनिवारी वीस-पंचवीस ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. पृथ्वीच्या गोलावर दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर काढायचं सूत्र कॉलेजात कुठेतरी भेटलेलं असतं, तेच. (सपाट नकाशावर पट्टीने रेघ मारून चालत नाही. घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबई आणि लंडनवर दोरा ताणून धरा, म्हणजे कळेल.) उत्तर आलं सुमारे ७,२०० किलोमीटर. मग त्या रेषेचे आठ सारखे तुकडे केले, म्हणजे प्रत्येक तुकडा ९०० किलोमीटरचा. आजचं जेट विमान साधारण तेवढंच अंतर तासाला कापतं, म्हणजे एक तुकडा एक तास.

आता हे ठिपके कुठे पडले ते बघा. मुंबईहून निघून पहिल्या तासाला कराची. अगदी डोक्यावरून म्हणावं इतकं जवळ, शहराच्या पंचवीस-तीस किलोमीटर उत्तरेला. दुसऱ्या तासाला इराणचा सिस्तान, अफगाणिस्तानच्या सीमेलगत. तिसऱ्याला कॅस्पियन समुद्राचा दक्षिण किनारा. बरोब्बर मध्यावर जॉर्जिया आणि आर्मेनियाची सीमा, तिबिलिसीच्या जरा खाली. पाचव्या तासाला क्रिमिया. सहाव्याला पश्चिम युक्रेन. सातव्याला जर्मनी आणि चेकची सीमा. आणि आठव्या तासाला लंडन.

कराची, इराण, क्रिमिया, युक्रेन. मी स्क्रीनकडे बघतच राहिलो. गेल्या काही वर्षांतल्या पहिल्या पानावरच्या बातम्यांची यादी करायला कुणी सांगितली असती, तरी इतकी नेमकी झाली नसती!

आपल्याला, विशेषतः आमच्या धंद्यातल्या लोकांना, एक गोष्ट मनोमन पटलेली असते. ती म्हणजे तंत्रज्ञान पुढे जातं आणि अंतर कमी होतं. शिडाचं जहाज, मग आगबोट, मग विमान, मग जेट. आलेख काढला की रेघ आपली खाली खाली येणारी. या दोन शहरांचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा माझ्याही डोक्यात तीच रेघ होती. ती खोटी नाही, पण पूर्ण खरीही नाही.

सुरुवातीचा भाग पटकन उरकतो. आफ्रिकेला वळसा घालून समुद्रमार्गे मुंबई-लंडन अंतर जवळपास वीस हजार किलोमीटर पडतं, आणि शिडाच्या जहाजाला त्याला पाच-सहा महिने सहज लागत. हे 'लेटन्सी' प्रकरण किती महागात पडू शकतं याचं एक उदाहरण आपल्याच शाळेच्या पुस्तकात आहे. मार्च १७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादांशी सुरतेचा तह केला. कलकत्त्याच्या वरिष्ठांना तो मान्य नव्हता. त्यांनी आपला माणूस पाठवून मार्च १७७६ मध्ये पुणे दरबाराशी पुरंदरचा तह केला आणि सुरतेचा तह रद्दबातल झाला. आणि त्यानंतर काही महिन्यांनी लंडनहून कंपनीच्या संचालकांचं पत्र येऊन थडकलं, की सुरतेचा तह आम्हाला मंजूर आहे! झालं, मुंबईकरांना पुन्हा जोर चढला, आणि त्याचा शेवट जानेवारी १७७९ मध्ये वडगावला, इंग्रजांच्या शरणागतीत झाला. दोन सर्व्हरवर वेगवेगळा डेटा असला की काय होतं हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात. तिथे हे उदाहरण घ्यायला हरकत नाही.

१८६९ च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा उघडला आणि तेच सागरी अंतर साडेअकरा हजार किलोमीटरच्या आसपास आलं. आगबोटीने तीनेक आठवड्यांत पोचता येऊ लागलं. (आणि तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर डिसेंबर २०२३ पासून बऱ्याच मालवाहू जहाजांनी पुन्हा आफ्रिकेचा वळसा धरला. दीडशे वर्षं मागे, एका झटक्यात.)

आता विमानाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

इंग्लंडहून हिंदुस्थानात पहिलं विमान आलं ते डिसेंबर १९१८ मध्ये, पहिलं महायुद्ध संपल्या संपल्या. हँडली पेज कंपनीचं चार इंजिनांचं बाँबफेकी विमान इजिप्त, बगदाद असं करत शेवटी कराचीला पोचलं. प्रवासी आणि टपाल घेऊन नियमित सेवा सुरू व्हायला मात्र आणखी दहा वर्षं लागली. ३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेजने लंडन-कराची सेवा सुरू केली. सात दिवस, भाडं १३० पौंड. 'हिंदुस्थानची सेवा' म्हणून जी वाजतगाजत निघाली, ती मुंबईला येतच नव्हती, कराचीला संपत होती. तेव्हाची कराची म्हणजे मुंबई इलाख्यातलंच शहर, सिंध वेगळा झाला तो १९३६ मध्ये.

सात दिवस का? विमान ताशी पावणेदोनशे किलोमीटरने जायचं, रात्री उडायचं नाही, दर काही तासांनी इंधन लागायचं. हे सगळं खरंच. पण या सात दिवसांतली एक रात्र चक्क आगगाडीत जायची! लंडनहून स्वित्झर्लंडमधल्या बाझलपर्यंत विमान. तिथे उतरून आगगाडीने इटलीतल्या जिनोआपर्यंत. पुढे पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून भूमध्य समुद्र ओलांडत अलेक्झांड्रिया, आणि तिथून तीन इंजिनांच्या 'हर्क्युलीस' विमानातून बगदाद, बसरा, इराणचा किनारा, ग्वादर, कराची. मध्ये आगगाडी कशाला, तर इटली फ्रान्सकडून येणाऱ्या ब्रिटिश विमानांना आपल्या हद्दीत येऊ देत नव्हता. आल्प्स आडवा आला असता तर समजू शकलो असतो, पण आडवी आली ती परवानगी.

बगदादचा टप्पा मला फार आवडतो. तिथे शेकडो किलोमीटर नुसतं वाळवंट, खूण म्हणून काही नाही. १९२१ मध्ये ब्रिटिश हवाई दलाने तिथे मोटारी नेल्या, त्यांच्या चाकांच्या खुणा वाळवंटात उमटल्या, आणि जिथे उमटेनात तिथे चक्क नांगर चालवून चर पाडला. वैमानिक खाली बघत त्या रेघेवरून उडायचे. सीटसमोरच्या स्क्रीनवरच्या रेघेचे पणजोबाच म्हणा ना.

पुढची अडचण इराणची. किनाऱ्यावरून उडायची परवानगी त्यांनी मोजक्या मुदतीपुरतीच दिली होती. ती संपल्यावर १९३२ च्या ऑक्टोबरात अख्खा मार्ग उचलून आखाताच्या पलीकडच्या, अरबी किनाऱ्यावर न्यावा लागला. तिथे रात्रीच्या मुक्कामासाठी एक किल्लेवजा विश्रामगृह बांधलं गेलं ते शारजाला. शारजा म्हटलं की आपल्याला १९९८ चा सचिन आणि ते वाळूचं वादळ आठवतं. पण शारजा जगाच्या नकाशावर आलं ते लंडन-कराची विमानाचा मुक्काम म्हणून. ती इमारत आजही आहे, तिचं संग्रहालय झालंय आणि जुनी धावपट्टी शहरातला हमरस्ता होऊन गेलीय.

आता कराची ते मुंबई हा उरलेला तुकडा. इथे जे. आर. डी. टाटा येतात, पण त्याआधी एक छोटा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. आगाखानांनी एक बक्षीस जाहीर केलं होतं: इंग्लंड आणि हिंदुस्थानमधलं अंतर एकट्याने विमान चालवत पार करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला ५०० पौंड. मे १९३० मध्ये पंचविशीतले जेआरडी कराचीहून लंडनकडे निघाले. उलट्या दिशेने, इंग्लंडहून कराचीकडे, सतरा वर्षांचा अस्पी इंजिनियर येत होता. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याकडचा जादा प्लग त्याला दिला आणि पुढे निघाले. अस्पी कराचीला आधी पोचला, बक्षीस त्याला मिळालं. हाच मुलगा १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याला सुटा भाग देणं... आमच्याकडे साधा लॅपटॉपचा चार्जर मागितला तर लोक आधी बॅटरी बघतात.

१५ ऑक्टोबर १९३२ ला त्याच कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून जेआरडी 'पस मॉथ' या एका इंजिनाच्या विमानातून लंडनहून आलेलं टपाल घेऊन निघाले. अहमदाबादला इंधन भरलं, ते बैलगाडीतून आलेल्या डब्यांमधून, आणि दुपारी जुहूला उतरले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट ते टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. जुहू म्हणजे तेव्हा समुद्राकाठची सपाट जमीन, पावसाळ्यात पाण्याखाली. मग पावसाळ्यात हा सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवायचा. आज मुंबई-पुणे शिफ्टिंगला कुरकुर करणाऱ्यांनी (मी त्यात आलो) लक्षात घ्यावं.

म्हणजे १९३२ ची वाट अशी: लंडनकडचं एक टोक, मुंबईकडचं एक टोक, आणि दोन्ही कराचीत येऊन जुळतात. आणि माझ्या प्रोग्रॅमप्रमाणे कराची नेमकी सरळ रेषेवर. हे कुणी मोजून केलं असं मी म्हणणार नाही. किनारा धरून येणाऱ्याला पहिलं मोठं बंदर तेच लागतं. पण भूगोलाची मर्जी आणि माणसांची सोय इतकी जुळलेली क्वचितच दिसते.

पुढचा महत्त्वाचा दिवस ८ जून १९४८. एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून लंडनला निघालं. भाडं १,७२० रुपये. थांबे दोन, कैरो आणि जिनिव्हा. १० जूनला विमान लंडनला पोचलं. आपल्या स्वतःच्या कंपनीचं विमान, स्वातंत्र्य मिळून वर्षही झालेलं नाही. यावर भरपूर लिहिलं गेलंय आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्या थांब्यांच्या यादीत नसलेलं नाव दिसत राहिलं. लंडनच्या टपालाचा जो दरवाजा सोळा वर्षांपूर्वी जेआरडींनी मुंबईला जोडला होता, तो आता दुसऱ्या देशात होता. जिनिव्हा-कैरोमार्गे हिशेब केला तर अंतर सुमारे ७,९०० किलोमीटर भरतं. म्हणजे सरळ रेषेपेक्षा ७०० किलोमीटर जास्त. पण इंजिनं ताकदवान झाली होती, एका उड्डाणात कैरो गाठता येत होतं, त्यामुळे कराची वगळल्याचं प्रवाशाला फारसं जाणवलंही नसणार. तंत्रज्ञानाने वेळ वाचवला आणि त्यातला थोडा फाळणीने परत घेतला.

हाच मार्ग क्रूरही होता. 'मलबार प्रिन्सेस' ३ नोव्हेंबर १९५० रोजी जिनिव्हाला उतरण्याआधी माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं, ४८ जण गेले. २४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचंच 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ त्याच पर्वतावर आदळलं. त्यातल्या ११७ जणांमध्ये डॉ. होमी भाभा होते. मुंबईहून लंडनला निघालेलं ते विमान दिल्ली, बेरूत करत जिनिव्हाला उतरणार होतं. तिथली हिमनदी वितळेल तशी गेली काही वर्षं एकेक वस्तू बाहेर टाकते आहे. २०१२ च्या ऑगस्टमध्ये त्या बर्फात गिर्यारोहकांना एक गोणपाटाची थैली सापडली, भारताच्या परराष्ट्र खात्याच्या टपालाची. १९६६ मध्ये मुक्कामी पोचायचं टपाल ४६ वर्षांनी हाती आलं. २०२० मध्ये वर्तमानपत्रं मिळाली, इंदिरा गांधी पंतप्रधान होणार या बातमीची. हे वाचून झाल्यावर मी तो टॅब बराच वेळ बंद केला नाही.

बोइंग ७०७ वरून आठवलं. एअर इंडियाकडे ती जेट विमानं आली १९६० मध्ये. त्यांचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या घरात. आणि आजच्या विमानांचा? तोच, ताशी ९०० किलोमीटरच्या घरात! म्हणजे साठाहून जास्त वर्षं या वाटेवर वेग वाढलेलाच नाही. मध्ये काँकॉर्ड येऊन गेलं, एअर इंडियानेही दोन विमानांसाठी नाव नोंदवून ठेवलं होतं, पण ती कधी आलीच नाहीत. वेळ वाचला तो थांबे गळत गेले म्हणून. विमानात एका दमात लंडन गाठण्याइतकं इंधन मावू लागलं आणि बेरूत, कैरो, जिनिव्हा ही नावं तिकिटावरून पुसली गेली. तो फायदा एकदाच मिळणारा होता. थांबे शून्य झाले की त्याखाली कसे जाणार?

मग उरतो तो फक्त मार्ग. सरळ गेलात तर ७,२०० किलोमीटर, आठ तास. प्रत्यक्षात मुंबईहून लंडनला साडेनऊ-दहा तास लागतात आणि परत येताना साधारण तासभर कमी. येण्याजाण्यातला हा फरक वाऱ्याचा. त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, जाताना छातीवर आणि येताना पाठीवर. वाऱ्याशी भांडण नाही, तो सगळ्यांना सारखा. उरलेल्यात विमानतळावरची ये-जा, चढण्या-उतरण्यातला वेळ आणि वळसे.

या वळशांचा हिशेब ठिपक्यांवरूनच करू. क्रिमिया आणि जॉर्जिया हे दोन ठिपके १९९१ पर्यंत सोव्हिएत संघात. इराणमध्ये १९७९ ची क्रांती, मग १९८० ते १९८८ शेजारच्या इराकशी युद्ध. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद. आणि पहिला ठिपका, कराची. २००२ आणि २००३ ही दोन वर्षं भारत आणि पाकिस्तानने एकमेकांच्या विमानांना हद्द बंद ठेवली. २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानची हद्द बंद. आणि २४ एप्रिल २०२५ पासून पुन्हा बंद, मात्र फक्त भारतीय विमानांना. म्हणजे त्या दिवसापासून एकाच विमानतळावरून लंडनलाच निघालेल्या दोन विमानांपैकी ब्रिटिश विमानाला कराचीवरून जायची मुभा होती आणि भारतीय विमानाला नव्हती. दोन शहरं तीच, पण त्यांच्यातलं अंतर विमानाच्या शेपटीवरच्या रंगावरून ठरणार!

इथे मला मोठा आकडा सापडेल अशी खात्री होती. प्रोग्रॅममध्ये मस्कतचा बिंदू घातला आणि पुन्हा चालवला. लंडन-मस्कत-मुंबई: सुमारे ७,४०० किलोमीटर. म्हणजे वाढ फक्त दोनशे किलोमीटर, पंधरा मिनिटांच्या आतबाहेर. खरं सांगतो, जरा निराशाच झाली. मुंबई समुद्राकाठी असल्यामुळे बाजूने निसटायला जागा आहे. दिल्लीकरांना ती नाही. त्यांना आधी खाली गुजरातकडे येऊन मगच पश्चिमेला वळावं लागतं, त्यांचे वळसे खरे लांबलचक. आपल्याला मिळाली ती पंधरा मिनिटांची शिक्षा.

पण वळसा घालायला दुसरी वाट शिल्लक असेल तोवरच हा हिशेब. १३ जून २०२५ ला इस्रायलने इराणवर हल्ला केला आणि इराणचं आकाश बंद झालं. त्या सकाळी मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान वाटेतून फिरून परत मुंबईला उतरलं. लंडनहून मुंबईला येणारं व्हिएन्नाला वळवावं लागलं. त्यात कुणी नोकरीला चाललेलं असेल, कुणाच्या घरी आजारपण असेल, कुणाची परीक्षा. त्यांच्यासाठी त्या दिवशी लंडन किती तासांवर होतं? इंजिनं ठणठणीत, इंधन भरपूर, वैमानिक तयार. तरी परत मुंबई.

१९२९ च्या प्रवाशाला इटलीच्या आडमुठेपणामुळे निदान आगगाडी तरी मिळत होती.

जाता जाता जेआरडींचं राहिलं. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली म्हणून, त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला. वय ७८, 'लेपर्ड मॉथ' हे जुन्या काळातलं एका इंजिनाचं विमान, आत एकटे. कराचीहून उडाले, अहमदाबादला उतरले, आणि तिथून जुहू. ठिपक्यांच्या हिशेबात हा फक्त शेवटचा तुकडा, जेटला एक तास लागला असता. १९७१ च्या युद्धाला तेव्हा अकरा वर्षं होत आली होती, आणि कराचीच्या कंट्रोल टॉवरवरून कुणीतरी त्यांना मुंबईकडे उडायची परवानगी दिली होती.